अर्धा तास

वर्धा रोडवरचं हॉटेल, तिसरा मजला.
एसी इतका, की नागपूरचा मे
काचेबाहेर ताटकळत उभा.
टेबलावर पाण्याच्या बाटल्या, संत्रा बर्फी,
आणि चार कंपन्यांच्या चार रंगांच्या फायली,
एकमेकींकडे पाठ करून.

मला बोलावलं, कारण मी बार उडवायचो.
एकवीस वर्षं.
जमिनीत भोक, भोकात दारू, वर माती,
लांबवर तार, आणि तारेच्या टोकाला मी.
जमीन आतून काय बोलली
ते साहेब लोक गाडीतल्या पडद्यावर वाचत.
तेल निघालं की नाही, मला कोणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. पुढचं भोक तयार असायचं.

इथे सगळे एकमेकांना ओळखतात.
एकाच पट्ट्यावर बोली लावलेले,
एकमेकांचे इंजिनियर पळवलेले.
अपघात तेवढा ज्याचा त्याने झाकून ठेवलेला,
मोडलेल्या सोयरिकीसारखा.

खोब्रागडे मॅडम म्हणाल्या, नावं गाळा,
कंपनी गाळा, तारीखही नको.
फक्त काय झालं ते वाचा.

पहिल्याने वाचलं : बार उडाला नाही.
मदतनीस दहा मिनिटांनी बघायला गेला.
दुसऱ्याने वाचलं : बार उडाला नाही, जागा नाल्याकाठची,
पंधराव्या मिनिटाला.
तिसऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुसतच राहिला,
मग नुसता कागद पुढे सरकवला.

तारखा गाळल्या होत्या.
पण बार उडवायच्या पेटीचं वर्णन होतं,
आणि पेटीवरून मला साल कळतं.
पहिल्याची पेटी लाकडी, चावी फिरवायची.
आमच्याकडे ती येण्याआधीच मोडीत निघाली होती.
म्हणजे चार वर्षं. निदान चार.
चार वर्षं तो कागद कुठल्याशा कपाटात होता
आणि इकडे आमच्या पुस्तकात लिहिलेलं :
दहा मिनिटं थांबावे.

चौथा कागद माझा.
उरकुडा मेश्राम हे नाव गाळायला सांगितलं, गाळलं.
विडी सोडल्यापासून तो भाजलेले चिंचोके चघळायचा,
ते कागदावर कधी नव्हतंच.
‘भाऊ, तार सुटली असन,
पाह्यतो न् येतो.’
मी थांब म्हणालो नाही.
घड्याळ बघितलं होतं. अकरावं मिनिट लागलं होतं.
चौकशीत मी निर्दोष सुटलो.

आता एकच आकडा ठरवायचा, सगळ्यांच्या पुस्तकांसाठी.
कोणी म्हणालं, अर्धा तास.
लगेच कोणी हिशेब मांडला :
दिवसाला इतकी भोकं, त्यातली इतकी फसणार,
गुणिले अर्धा तास, गुणिले गाड्यांचं भाडं.
हिशेब बरोबर होता.
तोंडी लावायला बर्फी होती.

मी म्हणालो, साहेब, एकदा बसून बघू.
काही बोलायचं नाही. फक्त अर्धा तास.

हसले. मग मॅडमनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

दोन मिनिटं कशीही जातात.
चौथ्याला एसीचा आवाज ऐकू येऊ लागतो.
सहाव्याला कोणाचा तरी फोन थरथरला,
पालथा घातला गेला.
वेटर तर्री-पोह्याचा ट्रे घेऊन दारात आला
आणि आमची तोंडं बघून तिथेच थबकला.
आठ. नऊ.
बाहेर उन्हात एक ट्रक रिव्हर्स घेत होता,
घेतच होता.

अकराव्या मिनिटाला तो हिशेबवाला तरुण
खुर्ची मागे सारून उठला,
पाय मोकळे करायला, बहुतेक.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

तो खाली बसला. सावकाश,
जसं काही खुर्चीखाली तार आहे.

अजून एकोणीस मिनिटं होती.